समुद्रातील रेषा आणि पाड्यावरचे घर



डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांतील माणसाला सीमा ही गोष्ट नवी नाही. महामार्गावरील अच्छाड मागे पडले की महाराष्ट्र संपतो आणि भिलाडच्या बाजूने गुजरात सुरू होतो. झाईच्या किनाऱ्यावरील माणूस उंबरगावच्या बाजारात सहज जातो. सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे सोयरिकी आहेत, रोजगार आहे, देवस्थाने आहेत. ही सीमा ओलांडताना कोणाला भीती वाटत नाही.

परंतु याच दोन तालुक्यांतील अनेक तरुणांना आणखी एका सीमेशी गाठ पडते. ती डोळ्यांना दिसत नाही. तेथे दगड नाही, फलक नाही, चौकी नाही. ती अरबी समुद्रात, कच्छच्या पश्चिमेस आहे. रात्रीच्या वेळी जाळे ओढत असताना नौका या रेषेपलीकडे गेली, किंवा गेली असे समजले गेले, तर नौकेवरील माणूस कराचीच्या तुरुंगात जातो आणि त्याच्या पाड्यावरील घर महिनोन् महिने, कित्येकदा वर्षानुवर्षे, त्याची वाट पाहत राहते. देशांमधील सीमावाद, किनाऱ्याची सुरक्षा आणि सागरी जीवांच्या अधिवासाचे रक्षण हे तीन विषय एरवी निरनिराळ्या खात्यांचे मानले जातात. डहाणू-तलासरीतील खलाशाच्या आयुष्यात मात्र ते एकत्र येतात. म्हणून या तिन्हींचा विचार येथे एकत्रितपणे करावयाचा आहे.

जमिनीवरील सीमा

१ मे १९६० रोजी द्विभाषिक मुंबई राज्याचे विभाजन होऊन महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्ये अस्तित्वात आली. त्या वेळी ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव तालुक्याचीही विभागणी झाली. तालुक्यातील ४७ गावे आणि ३ शहरे तत्कालीन सुरत जिल्ह्यात गेली. राहिलेली २७ गावे प्रथम डहाणू तालुक्यास जोडण्यात आली आणि १९६१ साली त्यांचा तलासरी महाल करण्यात आला. आजचा तलासरी तालुका हा अशा रीतीने सीमानिश्चितीतूनच जन्मास आला आहे. १ ऑगस्ट २०१४ पासून हे दोन्ही तालुके नव्या पालघर जिल्ह्यात आहेत.

एका तालुक्याचे दोन भाग झाल्यावर काही प्रश्न मागे राहणे स्वाभाविक होते. अलीकडच्या काळात तलासरी तालुक्यातील वेवजी आणि उंबरगाव तालुक्यातील सोळसुंबा या शेजारच्या ग्रामपंचायतींमध्ये हद्दीवरून तक्रारी झाल्या आणि संयुक्त मोजणीची मागणी पुढे आली. असे वाद गैरसोयीचे असतात, पण ते सोडविण्याची रीत ठरलेली आहे. भूमि अभिलेख खात्याचे नकाशे, मोजणी, हद्दीचे दगड आणि दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांची बैठक या मार्गाने ते मिटू शकतात. या वादापायी कोणी शेतकरी तुरुंगात जात नाही.

समुद्रातील सीमेची गोष्ट निराळी आहे. तेथे मोजणीचा प्रारंभबिंदूच वादग्रस्त आहे.

सर क्रीकचा वाद

कच्छच्या रणाच्या पश्चिम टोकाला, गुजरात आणि सिंध यांच्या मध्ये, सर क्रीक नावाची सुमारे ९६ किलोमीटर लांबीची खाडी आहे. सभोवार दलदल, भरतीच्या पाण्याखाली जाणारी जमीन आणि तिवरांची झुडुपे आहेत. वस्ती जवळजवळ नाहीच. असे असूनही या खाडीचा वाद शंभर वर्षांहून जुना आहे आणि त्याचा आरंभ मुंबई इलाख्याच्या दप्तरात झालेला आहे.

१९३६ सालापर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. विसाव्या शतकाच्या आरंभी खाडीकाठच्या जळाऊ लाकडाच्या मालकीवरून कच्छचे राव आणि सिंधचे प्रशासन यांच्यात तंटा उपस्थित झाला. १९१४ साली मुंबई सरकारने ठराव करून तो मिटविला. या ठरावाबरोबरच्या नकाशात खाडीच्या पूर्व काठाने हिरवी रेषा काढलेली आहे. पाकिस्तान तिचा आधार घेऊन संपूर्ण खाडीवर हक्क सांगतो. त्याच ठरावात, खाडीचा प्रवाह बदलत असल्यामुळे जलवाहतुकीस योग्य अशा प्रवाहाचा मध्य ही सीमा समजावी, अशा आशयाचाही उल्लेख आहे. भारताची भूमिका त्यावर आणि नंतरच्या १९२५ सालच्या नकाशावर आधारलेली आहे. पाकिस्तानचे म्हणणे असे की, ही खाडी नौकानयनाची नव्हेच. भारताचे उत्तर असे की, भरतीच्या वेळी तीतून नौका जातात. एकाच कागदाचे दोन अर्थ दोन देशांनी धरून ठेवले आहेत.

१९६५ साली कच्छच्या रणात चकमकी झाल्या. त्यानंतर नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने १९ फेब्रुवारी १९६८ रोजी निवाडा देऊन रणाच्या वादग्रस्त क्षेत्राचा सुमारे दहा टक्के भाग पाकिस्तानला आणि उर्वरित भारताला दिला. सर क्रीक मात्र या निवाड्याच्या कक्षेबाहेर राहिली. २००७ साली दोन्ही देशांनी खाडीची संयुक्त पाहणी केली. त्यानंतरही तोडगा निघालेला नाही. २ ऑक्टोबर २०२५ रोजी संरक्षणमंत्र्यांनी भुज येथे या भागातील पाकिस्तानच्या वाढत्या लष्करी हालचालींचा उल्लेख करून इशारा दिला, यावरून हा विषय किती जिवंत आहे हे लक्षात येईल.

एका ओसाड खाडीला एवढे महत्त्व कशासाठी, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर समुद्रात आहे. दोन शेजारी राष्ट्रांमधील सागरी सीमा जमिनीवरील सीमेच्या शेवटच्या बिंदूपासून आखावी लागते. हा बिंदू खाडीच्या मध्यावर धरला तर रेषा एका दिशेने जाते, पूर्व काठावर धरला तर दुसऱ्या दिशेने. किनाऱ्याजवळचा थोडासा फरक दूर समुद्रात फार मोठ्या क्षेत्राचा फरक होतो. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत प्रादेशिक समुद्र आणि २०० सागरी मैलांपर्यंत विशेष आर्थिक क्षेत्र असते. त्यातील मासळी, तेल आणि वायू यांवरील हक्क या रेषेवर अवलंबून असतो. ती रेषा उभयमान्य नसल्यामुळे प्रत्यक्षात गृहीत धरलेल्या रेषेवर पहारा चालतो. पलीकडे पाकिस्तानचे सागरी सुरक्षा दल आहे. अलीकडे भारतीय तटरक्षक दल आहे. मध्ये मासळीच्या मागे जाणारी लाकडी नौका आहे.

डहाणूचा खलाशी तेथवर का जातो?

डहाणू ते कच्छ हे अंतर लहान नाही. मग डहाणूच्या पाड्यावरील वारली तरुण तेथे कसा पोहोचतो?

सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर पोरबंदर, वेरावळ, मांगरोळ, ओखा ही मासेमारीची मोठी बंदरे आहेत. तेथील यांत्रिक नौकांना मोठ्या प्रमाणावर मनुष्यबळ लागते. पावसाळा सरला आणि नारळी पौर्णिमा झाली की डहाणू, तलासरी आणि उंबरगाव या भागांतील तरुण टोळीने या बंदरांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या अखेरीस परततात. जाण्यापूर्वी बहुधा उचल घेतलेली असते. पावसाळ्यातील धान्य, आजारपण, घराची दुरुस्ती, लग्न यांसाठी ती खर्च होते. मग हंगामभर नौकेवर राहून ती फेडावयाची. भातशेती पावसावर अवलंबून, जमिनीचा तुकडा लहान, चिकूच्या बागांतील व वीटभट्ट्यांवरील काम हंगामी, अशा परिस्थितीत नौकेवरील रोख रक्कम मोठी वाटते.

याच तलासरी तालुक्यातील झरी येथे मे १९४५ मध्ये वारली समाजाने वेठीला नकार देण्याचा निर्धार केला होता, हे येथील शिक्षकांस सांगावयास नको. त्या लढ्याने वेठ आणि लग्नगडीची प्रथा मोडून काढली. आजचा खलाशी वेठबिगार नाही. परंतु आगाऊ घेतलेल्या पैशामुळे त्याला काम नाकारता येत नाही आणि नौका कोठवर जावी हे तो ठरवू शकत नाही. ते तांडेल ठरवितो. तांडेलही मालकाला मासळी देण्यास बांधलेला असतो.

आणि मासळी कोठे आहे? किनाऱ्याजवळ ती कमी झाली आहे. तळ खरवडून नेणारी ट्रॉल जाळी, बारीक आसाची जाळी, नौकांची वाढलेली संख्या आणि वाढीचा काळ न पाहता केलेली पकड यांमुळे जवळची क्षेत्रे थकली. सिंधू नदीचा त्रिभुज प्रदेश आणि कच्छच्या खाड्या येथे तिवरांची विस्तीर्ण वने आहेत. कोळंबी आणि अनेक जातींच्या माशांची पिल्ले तेथे आश्रय घेतात, वाढतात आणि मग समुद्रात उतरतात. त्यामुळे त्या बाजूच्या समुद्रात मासळी चांगली मिळते. माणसाने आखलेली रेषा माशाला माहीत नसते. तो अधिवासाप्रमाणे फिरतो, आणि नौका त्याच्या मागे जाते. सीमेजवळचा पट्टा मासेमारीस वर्ज्य केलेला असला, तरी रिकाम्या हाताने परतण्यापेक्षा थोडे पुढे जाण्याचा मोह होतो. कधी इंजीन बंद पडते, कधी वारा आणि ओढ नौकेला वाहून नेतात. कारण कोणतेही असो, परिणाम एकच होतो.

सुरक्षेची निकड

या ठिकाणी सुरक्षायंत्रणांची बाजूही नीट समजून घेतली पाहिजे. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे दहशतवादी पोरबंदरच्या ‘कुबेर’ या मासेमारी नौकेचा ताबा घेऊन आले होते. नौकेवरील खलाशांची त्यांनी हत्या केली. साधी मासेमारी नौकाही देशाच्या सुरक्षेला छिद्र पाडू शकते, हा धडा त्या घटनेने दिला. त्यानंतर सागरी पोलीस ठाणी वाढविण्यात आली, नौकांची नोंदणी व रंगसंकेत ठरविण्यात आले, मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रे देण्याची योजना आखण्यात आली आणि किनाऱ्यावर ‘सागर कवच’ सरावांचा परिपाठ सुरू झाला. डहाणू येथे तटरक्षक दलाचे ठाणे आहे.

म्हणजे ओळखपत्र तपासणारा जवान हा खलाशाचा विरोधक नव्हे. ज्या खलाशाची ओळख आपल्या किनाऱ्यावर नीट नोंदलेली आहे, त्याची ओळख परक्या तुरुंगातही लवकर पटविता येते. किनाऱ्यावरील अनोळखी नौका सर्वांत आधी दिसते ती मच्छीमारालाच. त्यामुळे सुरक्षेचे पहिले जाळे त्याच्याच विश्वासावर विणले जाते.

सीमेवरील प्रसंग केवळ अटकेवर थांबत नाहीत, याचाही अनुभव या जिल्ह्याने घेतला आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा दलाने एका भारतीय मासेमारी नौकेवर केलेल्या गोळीबारात पालघर तालुक्यातील मच्छीमार मृत्यू पावला. मार्च २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातील एका आदिवासी खलाशाचे कराचीच्या तुरुंगात निधन झाले. त्याचे पार्थिव गावी पोहोचण्यास महिन्याहून अधिक काळ लागला. जिवंत माणसाची ओळख पटविण्यास जे कागद लागतात, तेच पार्थिव आणण्यासही लागतात.

अटकेनंतरचा मार्ग

पकडलेल्या नौकेवरील माणसांचे पुढे काय होते, याची माहिती ग्रामपंचायतीला असणे अगत्याचे आहे, कारण त्या मार्गातील एक टप्पा गावातूनच जातो.

भारत आणि पाकिस्तान यांच्यात २१ मे २००८ रोजी कैद्यांना वकिलातीची भेट मिळण्याविषयी करार झाला. त्याप्रमाणे दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलै रोजी दोन्ही देश परस्परांच्या कैद्यांच्या याद्या देतात. अटकेनंतर तीन महिन्यांच्या आत वकिलातीच्या अधिकाऱ्यास भेटू द्यावे आणि राष्ट्रीयत्व निश्चित होऊन शिक्षा पुरी झाल्यावर एक महिन्याच्या आत कैद्यास सोडावे, असे या करारात म्हटले आहे. तत्पूर्वी २००७ साली दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची एक समितीही नेमण्यात आली होती. ती तुरुंगांना भेटी देऊन शिफारशी करीत असे. या भेटी ऑक्टोबर २०१३ नंतर खंडित झाल्या.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदा करारात असे तत्त्व आहे की, विशेष आर्थिक क्षेत्रातील मासेमारीचे नियम मोडल्याबद्दल, संबंधित देशांत तसा करार नसेल तर, कारावासाची शिक्षा देऊ नये. भारताने १९९५ साली आणि पाकिस्तानने १९९७ साली हा करार मान्य केला आहे. तथापि, सीमाच निश्चित नसलेल्या पाण्यात हे तत्त्व कागदावरच राहते.

१ जुलै २०२५ रोजी पाकिस्तानने दिलेल्या यादीत १९३ भारतीय मच्छीमार होते. त्याच दिवशी भारताने आपल्या ताब्यातील ८१ पाकिस्तानी मच्छीमारांची नावे कळविली. दुःख एकाच बाजूचे नाही, हे या आकड्यांवरून दिसते. शिक्षा पूर्ण केलेल्या १५९ भारतीय मच्छीमारांना व अन्य नागरिकांना सोडण्याची मागणी भारताने त्या वेळी केली. २०१४ पासून तोवर २,६६१ भारतीय मच्छीमार मायदेशी परतले होते. परंतु दोन देशांचे संबंध बिघडले की ही वाट अरुंद होते. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथील हल्ल्यानंतर अटारीची तपासणी चौकी बंद करण्यात आली. मच्छीमारांच्या सुटका बहुधा याच अटारी-वाघा मार्गाने होत आलेल्या आहेत. राजकीय वातावरणावर खलाशाचा किंवा त्याच्या गावाचा अधिकार चालत नाही.

मात्र एका टप्प्यावर गावाचा अधिकार चालतो. वकिलातीच्या अधिकाऱ्यास कैदी आपले नाव, वडिलांचे नाव आणि गाव सांगतो. ही माहिती दिल्लीमार्गे राज्याकडे, राज्याकडून जिल्ह्याच्या पोलिसांकडे आणि तेथून गावाकडे पडताळणीसाठी येते. येथे अनेक अडचणी उभ्या राहतात. खलाशी पाड्याचे नाव सांगतो, दप्तरात महसुली गावाचे नाव असते. घरचे नाव एक, शाळेतील दुसरे आणि शिधापत्रिकेवरील तिसरे असते. परक्या लिपीतून फिरून आलेल्या नावाचे स्पेलिंग निराळेच होते. एका पाड्यावर त्याच नावाचे आणि आडनावाचे दोघे असतात. एवढ्याशा फरकासाठी कागद परत जातो आणि तो पुन्हा येईपर्यंत यादीची पुढची तारीख निघून गेलेली असते. दोन शासनांमधील करारातील एक महिन्याची मुदत अशा वेळी गावच्या एका नोंदीपाशी अडकते.

घरचा समुद्र राखणे

खलाशाला परत आणण्याइतकेच, त्याला दूर जावे लागू नये हेही महत्त्वाचे आहे. त्यासाठी घरचा समुद्र मासळीचा राहिला पाहिजे.

डहाणूच्या निसर्गाचे मोल शासनाने पूर्वीच ओळखले आहे. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. हरितक्षेत्रे, फळबागा आणि आदिवासी क्षेत्रे यांचा भूवापर बदलू नये, उद्योगांचे क्षेत्र जास्तीत जास्त ५०० एकर असावे आणि तालुक्याच्या सभोवार २५ किलोमीटरचा पट्टा उद्योगमुक्त असावा, असे तीत म्हटले होते. निसर्गाच्या या कुंपणाने राज्याची सीमा विचारात घेतली नव्हती, ही लक्षणीय गोष्ट होय. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानुसार न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. १९९८ साली वाढवण येथील बंदराचा तत्कालीन प्रस्ताव या प्राधिकरणाने नामंजूर केला. पुढे नव्या स्वरूपातील प्रस्तावास ३१ जुलै २०२३ रोजी प्राधिकरणाने अटींसह संमती दिली, जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पास मान्यता दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. यासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर क्षेत्रावर भराव टाकण्याची योजना आहे. किनाऱ्यावरील मच्छीमारांनी आपल्या मासेमारी क्षेत्राविषयी व्यक्त केलेली चिंता या संदर्भात नजरेआड करून चालणार नाही. जे क्षेत्र भरावाखाली जाईल ते परत मिळणार नाही. म्हणून जे उरेल त्याचे रक्षण अधिक काटेकोरपणे करावे लागेल आणि घातलेल्या अटी प्रत्यक्षात पाळल्या जातात की नाही, हे पाहणे स्थानिक संस्थांचेही काम राहील.

महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा आहे. २०२१ साली सुधारणा करून त्यातील दंडाची तरतूद कडक करण्यात आली. १ जून ते ३१ जुलै हा काळ मासळीच्या प्रजननासाठी बंदीचा असतो. २०२३ साली ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरविण्यात आले आणि त्याच वर्षी पापलेट हा राज्यमासा म्हणून घोषित झाला. वाढ पुरी न झालेले पापलेट बाजारात आले की पुढील हंगामाचे उत्पन्न आजच विकले गेले, असा याचा अर्थ होतो. कायदा समुद्रात राबविणे अवघड असले, तरी बाजारात आणि मच्छीमार संस्थेत तो राबविता येतो.

तिवरांचे रक्षण हे मत्स्यशेतीच्या बियाण्याचे रक्षण आहे. राज्याने २०१२ साली स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला. किनाऱ्यावर भराव टाकून, कचरा लोटून अथवा पाण्याचा मार्ग बुजवून तिवरे मारली जातात, तेव्हा त्या खाडीतील पुढच्या पिढीची मासळी मरते. हे ग्रामसभेत सांगितले गेले पाहिजे, कारण दूरचा अधिकारी येईपर्यंत भराव टाकून झालेला असतो.

वन्यजीवांच्या बाबतीत तर मच्छीमार हाच पहिला रक्षक ठरला आहे. डहाणू येथे वन विभागाच्या सहकार्याने जखमी सागरी कासवांवर उपचार करणारे केंद्र चालते. पावसाळ्यात किनाऱ्यावर येऊन पडलेली कासवे तेथे आणली जातात आणि बरी झाल्यावर समुद्रात सोडली जातात. जाळ्यात सापडलेला संरक्षित प्राणी सोडण्यासाठी जाळे कापावे लागले, तर मच्छीमारास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्याने डिसेंबर २०१८ पासून राबविली. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर एके काळी व्हेल शार्कची शिकार होत असे. २००१ साली या माशास कायद्याचे संरक्षण मिळाले आणि पुढे तेथील मच्छीमारांनीच जाळी कापून त्याला सोडण्यास आरंभ केला. पोटापाण्याचे साधन कापून मुक्या प्राण्यास सोडणारा माणूस कायद्याचा शत्रू असू शकत नाही. त्याला विश्वासात घेतले की अधिवासाचे रक्षण सोपे होते.

गावाने करावयाचे काम

सर क्रीकचा तोडगा दोन देशांच्या राजधान्यांत निघेल. तोवर गावाने स्वस्थ बसण्याचे कारण नाही. पुढील कामांस वेगळ्या निधीची अथवा नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

पहिले काम नोंदीचे. प्रत्येक ग्रामपंचायतीने मासेमारीसाठी बाहेर जाणाऱ्यांची नोंदवही ठेवावी. तीत खलाशाचे शाळेच्या दाखल्याप्रमाणे नाव, घरी प्रचलित नाव, आईवडिलांची नावे, पाडा व महसुली गाव, छायाचित्र, आधार व मतदार ओळखपत्राचा तपशील, नौकेचे नाव व नोंदणी क्रमांक, बंदर, मालक आणि टोळी नेणारा मुकादम यांचा उल्लेख असावा. हंगाम सुरू होण्यापूर्वी ग्रामसभेत ही नोंद पुरी करावी आणि एक प्रत पोलीस ठाण्यात व मत्स्यव्यवसाय कार्यालयात द्यावी. पडताळणीचा कागद आल्यावर पाड्यापाड्यांतून शोध घेण्याऐवजी त्याच दिवशी उत्तर पाठविता येईल.

दुसरे काम कागदांतील विसंगती दूर करण्याचे. येथे शिक्षकांचे साहाय्य अमोल आहे. शाळेच्या सर्वसाधारण नोंदवहीतील नाव व जन्मतारीख हाच बहुतेकांचा पहिला लेखी पुरावा असतो. जुन्या विद्यार्थ्याच्या दाखल्याची मागणी आली तर ती तातडीची समजावी. नववी-दहावीच्या वर्गातील मुलगा सहामाहीपूर्वीच दिसेनासा झाला, तर तो बंदरावर गेला आहे का, याची चौकशी शिक्षकच प्रथम करू शकतो. अल्पवयीन मुलगा नौकेवर जाता कामा नये, हे पालकांस समजावून सांगणे हेही त्याचेच काम आहे.

तिसरे काम उचलीच्या व्यवहाराचे. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ साली कायदा झाला आणि त्यातील तरतुदी पुढे २०२० च्या संहितेत समाविष्ट करण्यात आल्या. डहाणू व तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात असल्यामुळे ग्रामसभेला विशेष स्थान आहे. रक्कम किती, मजुरी किती, नौका कोणाची, विमा आहे की नाही, हे सर्वांसमक्ष वाचून दाखविले गेले, तर निरक्षर माणसाची फसवणूक टळते आणि नौका सीमेकडे नेणाऱ्या मालकावरही जबाबदारीची जाणीव राहते. नौका पकडली गेली तर मालकाचे धन जाते, परंतु तुरुंगात खलाशी जातो.

चौथे काम मागे राहिलेल्या कुटुंबाचे. कमावता माणूस परदेशी तुरुंगात असेल तेव्हा त्याची पत्नी धड विवाहित आधारात नसते आणि धड निराधारही समजली जात नाही. नौका गुजरातची, घर महाराष्ट्रातील, तुरुंग पाकिस्तानातील, अशा वेळी अर्ज कोणत्या कार्यालयात द्यावयाचा हेही तिला कळत नाही. तलाठी, ग्रामसेवक व मत्स्यव्यवसाय अधिकारी यांनी मिळून तिचा एकच अर्ज तयार करून द्यावा आणि तो योग्य त्या ठिकाणी पाठविण्याची जबाबदारी कार्यालयाने घ्यावी. शिधावाटप आणि मुलांची शाळा या दोन गोष्टी अटकेच्या वार्तेबरोबरच सुरक्षित केल्या गेल्या पाहिजेत.

पाचवे काम किनारा राखण्याचे. तिवरे, खाडीचे मुख, अंडी घालणारी मासळी आणि किनाऱ्यास लागलेली कासवे यांची काळजी ही मत्स्यव्यवसाय वा वन खात्यापुरती बाब नाही. रोजगार हमी, मत्स्यपालन, खेकडापालन, फळबाग लागवड या विषयांचा विचार करताना, त्या कामामुळे किती खलाशी दूरच्या बंदरावर जाण्याचे टळतील, ही कसोटी पंचायतीने लावावी.

राष्ट्राची सीमा सैनिक राखतो आणि तिची आखणी मुत्सद्दी करतात. ती सीमा चुकून ओलांडणारा माणूस मात्र कोणत्या तरी पाड्यावरचा असतो. त्याचे नाव कोठे तरी नीट लिहून ठेवलेले असावे, त्याच्या घरात चूल पेटती राहावी आणि त्याच्या मुलाला त्याच वाटेने जावे लागू नये, एवढे गावाच्या हाती निश्चित आहे. नारळी पौर्णिमेपूर्वी होणाऱ्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर बाहेर जाणाऱ्या खलाशांची नोंद हा विषय दरवर्षी आला, तर डहाणू-तलासरीच्या ग्रामपंचायतींनी आपल्या वाट्याचे सीमारक्षण पार पाडले असे म्हणता येईल.